कर्ण्यापासून पंधरा फूट

पहिला दिवस : शिकागो

"मामा, ते 'बीन'चं शिल्प बघून झालं, तळं बघून झालं. आता तुला नक्की काय बघायचंय?" भाचीनं विचारलं.

"हार्डवेअरचं दुकान," मी म्हटलं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पुण्याहून सतरा-अठरा तासांचं विमान करून आलेल्या माणसानं असं काही मागितलं की घरचे जरा काळजीतच पडतात. पण मुलगी शहाणी. तिनं पत्ता विचारला आणि गाडी काढली.

पत्ता होता दक्षिण शिकागोतला, पस्तिसाव्या रस्त्यावरचा. १९०९ साली गॅरेज म्हणून बांधलेली एक साधी इमारत १९२१ मध्ये 'सनसेट कॅफे' झाली. १९२६ मध्ये इथं लुई आर्मस्ट्राँग, जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या संगीतातला सर्वांत मोठा कॉर्नेट-ट्रम्पेटवाला, वाजवू लागला, थोड्याच दिवसांत पियानोवर अर्ल हाइन्स आला. वाजवणारे काळे, आणि ऐकायला काळे-गोरे शेजारी शेजारी बसलेले. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. पुढे कॅफे गेला आणि कित्येक वर्षं इथं खिळे, स्क्रू, रंगाचे डबे विकले जात होते. गंमत अशी की दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी रंगमंच होता, तिथं भिंतीवरची जुनी चित्रं दुकानदारानं तशीच सांभाळली होती. आता ते दुकानही गेलं. आम्ही फुटपाथवर उभं राहून वरच्या विटा पाहिल्या. भाचीनं माझा एक फोटो काढला, त्यात मी एखादी इमारत विकत घ्यायला आल्यासारखा दिसतो.

तिथून एकतिसावा रस्ता. 'लिंकन गार्डन्स' नावाचं नृत्यगृह इथं होतं. आज मागमूससुद्धा नाही. १९२२ च्या उन्हाळ्यात 'किंग' ऑलिव्हरनं न्यू ऑर्लिन्सहून आपल्या एकवीस वर्षांच्या चेल्याला, म्हणजे आर्मस्ट्राँगला, दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) वाजवायला बोलावून घेतलं, ते इथं. दोन कॉर्नेट कशाला, असा प्रश्न लोकांना पडे. पण गुरू ऐन वेळी काय वाजवणार याचा अंदाज घेऊन चेला त्याच क्षणी त्याच्याखाली दुसरा सूर धरी. आपल्याकडे मागं तानपुऱ्यावर बसलेला शिष्य गुरूची अर्धी तान उचलतो ना, तसंच, फक्त इथं दोघांनी एकदम उचलायची.

"आपला काही संबंध आहे का रे यांच्याशी?" भाचीनं विचारलं. बरोबर विचारलं. आपल्याला आपला माणूस सापडल्याशिवाय चैन पडत नाही.

आहे की. इथल्याच व्हेंडोम थिएटरात मूकपटांच्या वेळी वाजवणाऱ्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर पियानोवर टेडी वेदरफर्ड असे. १९२६ ची त्यांची एक तबकडी आहे, तिच्यावर दोघंही ऐकू येतात. त्याच वर्षी वेदरफर्ड आशियात निघून गेला. शांघाय झालं, मुंबईचं ताजमहाल हॉटेल झालं, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेला. त्या काळात ताजच्या बँडची ही मंडळी वाजवताना ज्यांनी कान देऊन ऐकली, त्यांत आपले गोव्याचे वादक होते. हळदोण्याचा अँतोनियो शाव्येर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन उभा राहिला की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. तोच पुढे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, साहाय्यक झाला. 'अलबेला'तली गाणी ऐकताना पाय आपोआप हलतात, त्याचं निम्मं कारण या रस्त्यावरून निघालेलं आहे.

"म्हणजे आजीची लाडकी गाणी!" ती म्हणाली. मग मात्र तिला उत्साह आला.

दुसरा दिवस : रस्ता

शिकागो ते रिचमंड, इंडियाना. साडेचार-पाच तास. मका, सोयाबीन, मका, मग अचानक शेकडो पवनचक्क्या, पुन्हा मका. इंडियानात थोडं आत शिरलं की घड्याळ एक तास पुढं जातं, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं, त्यामुळे पोचेपर्यंत जेवणाची जागा बंद झालेली. बरोबरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या हॉटेलच्या खोलीत संपवल्या.

आता रिचमंडच का, हे सांगायला हवं.

मी तीस-बत्तीस वर्षं रेडिओत आवाज पकडायचं काम केलं. गवई कुठं बसेल, तबल्याचा माइक किती लांब, पेटी कुणाच्या मागं, या गोष्टी ठरवणं ही माझी रोजी. त्यामुळे जुनी तबकडी ऐकताना लोक गाणं ऐकतात आणि मी खोली ऐकतो. ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ च्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला वाटलं, दुसरा कॉर्नेटवाला दारात उभा राहून वाजवतोय की काय! पुढं वाचलं तेव्हा कळलं, जवळजवळ तसंच होतं. ती खोली रिचमंडमध्ये होती.

तिसरा दिवस : घळीतला कारखाना

शहराच्या मधून व्हाइटवॉटर नावाची नदी खोल घळीतून वाहते. त्या घळीत 'स्टार पियानो कंपनी'चा कारखाना पसरलेला होता. पियानो विकता विकता त्यांनी फोनोग्राफ विकायला सुरुवात केली, आणि फोनोग्राफ विकायचे तर तबकड्या हव्यात, म्हणून 'जेनेट' ही शाखा काढली. जेनेट हे मालकांचं आडनाव. पियानोच्या दुकानात 'स्टार' चाले, पण दुसऱ्या पियानोवाल्यांनी स्टारच्या नावाच्या तबकड्या का विकाव्यात? म्हणून वेगळं नाव. धंदा तो धंदा.

सकाळी नऊला खाली उतरलो तेव्हा धुकं होतं. कारखान्यातलं फार काही उरलेलं नाही. एक उंच धुराडं, आणि एका इमारतीचा सांगाडा, ज्याच्या विटांवर जेनेटची खूण रंगवलेली दिसते. जमिनीत मोझेकच्या मोठ्या गोल तबकड्या बसवल्यात, एकेका कलाकाराची एकेक. आर्मस्ट्राँग, ऑलिव्हर, जेली रोल मॉर्टन, बिक्स बाइडरबेक, होगी कारमायकल. एक बाई कुत्र्याला घेऊन सरळ मॉर्टनवरून चालत गेल्या. मला उगाच पाय बाजूला घ्यावासा वाटला. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, इथं तर अख्खा माणूस पायाखाली.

ध्वनिमुद्रणाची खोली आता नाही. लांबट शेडसारखी होती, भिंतींच्या आत भुसा भरलेला, आत जाड पडदे. शेजारून रेल्वेचे रूळ. गाडी आली की सगळ्यांनी थांबायचं. मी हे वाचलं होतं, पण घळ पाहिल्यावर पटलं: इथं गाडीचा आवाज दोन्ही उतारांवर आपटून दुप्पट होत असणार. स्टुडिओ बांधायला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. पण मालकाची जमीन, मालकाचा कारखाना, बोलणार कोण!

त्या खोलीत वीज हा प्रकारच नव्हता, म्हणजे आवाजापुरता तरी. भिंतीतून कर्णा बाहेर आलेला. आपल्या जुन्या फोनोच्या कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो, इथं आत शिरायचा. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. हवेचा धक्का पडद्याला, पडद्याचा सुईला, सुईचा मेणाला. मेण मऊ राहावं म्हणून खोली गरम ठेवत, वाजवणारे घामानं निथळत. तीन मिनिटांच्या आसपास सगळं आटपायचं. चुकलं तर चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून.

या यंत्राला माइकसारखं खालीवर करता येत नाही. लेव्हल म्हणजे फक्त अंतर. ज्याचा आवाज कमी त्यानं जवळ यायचं, मोठा त्यानं लांब जायचं. ढोल तर नकोच, सुई उडते. म्हणून बेबी डॉड्ससारख्या जबरदस्त ड्रमरला इथं लाकडी ठोकळे वाजवायला लागले. आज आपण ती तबकडी लावतो आणि म्हणतो, त्या काळचा ठेका किती हलका होता! हलका कसला? ढोल दाराबाहेर राहिला होता.

५ आणि ६ एप्रिल १९२३. सात जणं शिकागोहून आले. ऑलिव्हर, आर्मस्ट्राँग, ट्रॉम्बोनवर ओनोरे ड्युट्रे, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, त्याचा भाऊ बेबी, बँजोवर बिल जॉनसन, आणि पियानोवर लिल हार्डिन. आर्मस्ट्राँगच्या आयुष्यातलं हे पहिलं ध्वनिमुद्रण. दोन्ही कॉर्नेट शेजारी उभे केले तर ऑलिव्हर ऐकूच येईना. मग पोराला मागं सरकवलं. आणखी मागं. लिलनं नंतर सांगितलं आहे की त्याला बारा-पंधरा फूट लांब, कोपऱ्यात नेऊन उभं केलं. तो बिचारा रडवेला झाला, बँडपासून तोडलं म्हणजे आपलं काही चुकलं असं वाटून. ती त्याच्याकडे बघून हसली, घाबरू नकोस म्हणून. आणि तेव्हाच तिच्या डोक्यात आलं, की ज्याला एवढ्या लांब उभं करावं लागतं, तो दोघांत सरस असला पाहिजे.

मी भाचीला म्हटलं, "इथं उभी राहा, तू कर्णा." आणि पावलं टाकायला लागलो. माझं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे सहा पावलं. सहाव्या पावलावर वळून पाहिलं. पंधरा फूट हे कागदावर काहीच नाही, बसच्या रांगेत त्याहून जास्त असतं. पण सहा माणसं एकमेकांना चिकटून वाजवतायत आणि तुम्ही एकटे इकडे, तर ते अंतर घळीएवढं आहे.

"मामा, मी किती वेळ कर्णा राहू?" ती ओरडली. फिरायला आलेले दोन म्हातारे थांबून बघत होते.

मग फोनवर 'चाइम्स ब्लूज' लावलं. आर्मस्ट्राँगचा तबकडीवरचा पहिला एकल तुकडा याच्यात आहे. तसा आखीव आहे, पुढच्या आर्मस्ट्राँगची भरारी त्यात नाही. पण आवाजाला एक घेर आहे, लांबून येऊनही पोकळ न वाटणारा. त्यानंतर 'डिपरमाउथ ब्लूज'. यात ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडावर झाकण हलवत जे तीन फेरे वाजवतो, ते पुढं पिढ्यान्‌पिढ्या कॉर्नेट-ट्रम्पेटवाल्यांनी जसेच्या तसे पाठ केले. मध्येच एक माणूस ओरडतो. बेबी डॉड्स आपली जागा विसरला म्हणून बँजोवाला जॉनसन वेळ मारून नेण्यासाठी ओरडला, असं खुद्द डॉड्सनं सांगितलंय. ती आरोळी इतकी आवडली की नंतरच्यांनी तीसुद्धा पाठ केली. चूक परंपरेत जाते ती अशी.

त्याच वर्षी जुलैत मॉर्टन इथं 'न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज' या गोऱ्या बँडबरोबर पियानोवर बसला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवलेल्या जॅझच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी या. आणि हे इंडियानात! जिथं त्या वर्षांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचा जोर देशातल्या कुठल्याही राज्याइतका होता. क्लॅननंही आपल्या गाण्यांच्या तबकड्या पैसे मोजून याच जेनेटकडून काढून घेतल्या. एकच कर्णा, एकच मेण. जेनेटवाल्यांना सुधारक म्हणण्याचा मोह मला होत नाही. त्यांना तबकड्या विकायच्या होत्या. पण एक श्रेय द्यायला हवं. बलाढ्य व्हिक्टर कंपनीनं खाचा पाडण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा हे लढले आणि १९२२ मध्ये अपिलातही जिंकले. त्या निकालानं लहान कंपन्यांना वाट मोकळी झाली. मोठ्यांना ज्यांची गरज वाटत नव्हती, ते वादक लहानांकडे गेले.

बिक्सची पहिली तबकडी इथलीच, फेब्रुवारी १९२४, 'वुल्व्हरिन्स'बरोबरची. आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या सुखवस्तू जर्मन घरातला मुलगा, तबकड्या ऐकून ऐकून कॉर्नेट शिकला. म्हणजे सात वर्षांपूर्वी, १९१७ मध्ये, निघालेली जॅझची पहिली तबकडी तेवढ्यात गुरू झाली होती. तो अठ्ठावीस वर्षांचा असताना दारूनं पोखरून गेला. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथं नको.

दुपारी धुकं गेलं. वरच्या बाजूनं एक मालगाडी गेली, लांबलचक. आम्ही बोलणं थांबवलं.

चौथा दिवस : परत शिकागो

येताना संध्याकाळी चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर लिलचं घर बाहेरून पाहिलं. तिनं फेब्रुवारी १९२४ मध्ये त्या कोपऱ्यातल्या पोराशी लग्न केलं, त्याला ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पड म्हणून टोचत राहिली, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये शिकागोत त्याच्या स्वतःच्या नावानं 'हॉट फाइव्ह' या बँडच्या तबकड्या निघायला लागल्या तेव्हा पियानोवर तीच होती. लग्न टिकलं नाही. ६ जुलै १९७१ ला तो गेला. त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत, २७ ऑगस्टला, पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली आणि गेली.

घर दगडी आहे, साधंसं. आत कुणीतरी राहतं, म्हणून फोटो काढला नाही.

पाचवा आणि सहावा दिवस : आगगाडी

भाचीला सुट्टी नव्हती. तिनं मला युनियन स्टेशनवर सोडलं, पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि तीनदा बजावलं, "पोचल्यावर फोन कर." रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारी न्यू ऑर्लिन्स. सगळे वादक ज्या मार्गानं वर आले त्याच मार्गानं मी खाली चाललो होतो. १९२२ मध्ये आर्मस्ट्राँग निघाला तेव्हा आईनं बरोबर माशाचं सँडविच दिलं होतं आणि थंडी बाधेल म्हणून उन्हाळ्यात लोकरीचे आतले कपडे घालायला लावले होते. डब्याचं कारण फक्त माया नव्हतं. दक्षिणेतल्या गाड्यांत काळ्या माणसाला जेवणाच्या डब्यात बसू देत नसत. मी भोजनाच्या डब्याशेजारी बसून पुरी खाल्ली, कुणी काही म्हणालं नाही.

झोप येईना म्हणून 'मेलँकली ब्लूज' लावलं, मे १९२७ मधलं, 'हॉट सेव्हन'चं. तोवर वीज आली होती, कर्णा गेला, माइक आला. आता त्याला कोपऱ्यात धाडायची गरज नव्हती. हीच ती तबकडी जिचं गाणं १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी गाताना. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचं वावडं होतं, असं सांगतात. आपली विद्या कुणी उचलेल ही धास्ती. असाच किस्सा न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेडी केपर्डचा: व्हिक्टरनं विचारलं तेव्हा, आमचं वाजवणं लोक तबकडीवरून चोरतील, म्हणून त्यानं नाही म्हटलं. खरंखोटं देव जाणे. एवढं खरं, की २६ फेब्रुवारी १९१७ ला न्यू यॉर्कमध्ये जॅझची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित झाली ती न्यू ऑर्लिन्सच्याच पाच गोऱ्या पोरांची. एका बाजूला 'लिव्हरी स्टेबल ब्लूज', वाद्यांतून कोंबडा, घोडा आणि गाय. तुफान खपली. पाणवठ्यावर आधी पोचला त्याचा घडा भरला.

सकाळी मेम्फिस, मग मिसिसिपीची सपाट कापसाची जमीन, मग दलदल, आणि शेवटी पाण्याच्या इतकं जवळून गाडी जाते की खिडकीतून रूळ दिसतच नाहीत.

सातवा दिवस : न्यू ऑर्लिन्स

सव्वा डॉलरचं तिकीट काढून कॅनॉल स्ट्रीटच्या ट्रामनं शेवटपर्यंत गेलो. थांब्याचं नावच 'सेमेटरीज'. या शहरात जमीन ओली, म्हणून श्रीमंतांची थडगी जमिनीच्या वर, घरांसारखी. मी जिथं गेलो त्या होल्ट दफनभूमीत मात्र गरिबांना मातीतच पुरलंय. लाकडाच्या फळ्यांवर हातानं रंगवलेली नावं, कुठं मण्यांच्या माळा, कुठं बाहुली. यात कुठंतरी बडी बोल्डन आहे. नेमका कुठं, ते ठाऊक नाही, म्हणून त्याच्या नावाचा दगड एका बाजूला उभारलाय. जॅझ सुरू कुणी केलं असं विचारलं की जुने वादक बोल्डनचं नाव घेत. त्याचा कॉर्नेट काही मैलांवरून ऐकू येई, असं सांगत. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तिथंच १९३१ मध्ये तो गेला. त्याची एकही तबकडी सापडलेली नाही. मैलांवरून ऐकू येणाऱ्या माणसाला कर्ण्यापासून किती लांब उभं करावं लागलं असतं, याचा हिशेब मी धंद्याच्या सवयीनं करून पाहिला. नदीपलीकडे, बहुतेक.

दुपारी साउथ रॅम्पार्ट स्ट्रीट. कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाचं दुकान इथं होतं, ज्यांच्या गाडीवर छोटा लुई काम करायचा आणि ज्यांनी त्याला पहिल्या कॉर्नेटसाठी उसने पैसे दिले. २०२१ च्या आयडा वादळात ती इमारत कोसळली. गाड्या उभ्या करायच्या जागा सगळीकडे. इथंच जवळ १९१२ च्या शेवटच्या रात्री त्यानं हवेत पिस्तूल झाडलं आणि मुलांच्या सुधारगृहात गेला, जिथं त्याला बँडमध्ये घेतलं. जुन्या टांकसाळीतल्या संग्रहालयात त्या दिवसांतला म्हणून जपलेला कॉर्नेट आहे. पोचे पडलेला. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं उठलं आणि पहारेकऱ्यानं खाकरून सांगितलं, मागं व्हा.

संध्याकाळी सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्वेशन हॉल. १९६१ पासूनची जागा, रंग उडालेल्या भिंती, लाकडी बाकं. पाऊण तासाचा कार्यक्रम. माइक नाही, स्पीकर नाही. सुरू होण्याआधी एकानं बजावलं, फोन खिशात, रेकॉर्डिंग करायचं नाही. सवयीनं माझा हात खिशात गेलेलाच होता. काढून घेतला.

मला जागा मिळाली ती भिंतीला टेकून, सगळ्यात मागं. अंदाजे पंधरा फूट असेल. क्लॅरिनेट स्वच्छ, ट्रॉम्बोन छताला लागून परत येणारा. आणि मग ढोल. मोठा ढोल, पायानं वाजवायचा. रिचमंडच्या खोलीनं ज्याला आत घेतलं नाही तो. कानाला कमी आणि बाकाच्या फळीतून पाठीला जास्त लागत होता. शेजारचा म्हातारा डोळे मिटून, बोटानं गुडघ्यावर चुकीचा ठेका धरत होता. मी त्याला एकदा बरोबर मात्रा दाखवली. तो हसला आणि पुन्हा चुकीचाच धरायला लागला.

बाहेर पुढच्या खेळाची रांग लागली होती. भाचीला फोन केला. पोचल्यावर करायचा तो राहूनच गेला होता.